कोडमधला विनंती थांबा

पदविकेच्या मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षं फिरून येत राहिला: ८०८६चे राखीव इंटरप्ट सांगा. शून्य क्रमांक भागाकार फसल्याचा, एक सिंगल स्टेपचा, दोन एनएमआयचा, तीन ब्रेकपॉइंटचा, चार ओव्हरफ्लोचा. ब्रह्मपुरीचं शासकीय तंत्रनिकेतन असो, गडचिरोलीचं असो की चंद्रपूरचं अभियांत्रिकी महाविद्यालय, इकडची पोरं ही यादी पाठ करून पास झाली आणि पुण्या-हैदराबादला नोकरीला लागली. यादीतल्या तीन क्रमांकाशी त्यांची खरी गाठ पडली ती तिथे, आणि तीही दुसऱ्याच वेशात: पायथनमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये, सॅपच्या एबॅपमध्ये.

ब्रेकपॉइंट लावायचे मार्ग दोन. एक बाहेरून: एडिटरच्या समासात लाल ठिपका टाकायचा, पुढचं डीबगर बघून घेतो. दुसरा आतून: प्रोग्रामच्या कोडमध्येच ‘इथे थांब’ असं लिहायचं. पहिला सोयीचा आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याला बरेच जण कच्चं काम समजतात, घाईत टाकलेल्या प्रिंटच्या ओळीसारखं. मला हे मत पटत नाही. समजा धानखरेदीच्या दोन लाख नोंदींवर प्रोग्राम चालतोय आणि त्यातल्या एकाच नोंदीत वजन उणे येतंय. लाल ठिपक्याला अट जोडता येते, पण मग दर फेरीला प्रोग्राम अडतो, डीबगर जागा होतो, अट तपासतो आणि प्रोग्रामला पुन्हा सोडतो. काम इतकं रेंगाळतं की माणूस चहा पिऊन येतो. तीच अट कोडमध्ये लिहिली तर ती प्रोग्रामच्याच वेगाने तपासली जाते आणि प्रोग्राम अडतो तो फक्त त्या एका नोंदीवर. शिवाय कित्येक ठिकाणी बाहेरून ठिपका टाकताच येत नाही: डीबगर जोडायच्या आधीच धावून संपणारा सुरुवातीचा कोड, चालता चालता तयार होणारा कोड, पडद्यामागे चालणारी सेवा.

तरीही आतून थांबण्यात एक अडचण आहे, आणि या सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे. प्रोग्रामने ‘थांबलो’ म्हटलं आणि ऐकायला डीबगरच नसला, तर काय व्हावं? गेल्या पन्नासेक वर्षांत प्रत्येक प्रोसेसरने, ऑपरेटिंग सिस्टिमने आणि भाषेने या प्रश्नाला आपापलं उत्तर दिलं. ती उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

सुरुवात ८०८५पासून करू, कारण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत निळ्या-हिरव्या पट्टीवरचं ते किट अजूनही दिसतं. इंटेलच्या ८०८० आणि ८०८५मध्ये आरएसटी नावाच्या आठ सूचना आहेत, प्रत्येक एका बाइटची. आरएसटी ५चा संकेतांक ईएफ. ती आली की प्रोसेसर परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो आणि ००२८ या पत्त्यावर उडी मारतो. आठ गुणिले पाच म्हणजे चाळीस, हेक्समध्ये २८, इतका साधा हिशेब. किटवर त्या पत्त्याशी मॉनिटर प्रोग्राम बसलेला असतो. म्हणून कित्येक किटांच्या पुस्तिकांत ‘प्रोग्रामच्या शेवटी ईएफ टाका’ किंवा ‘सीएफ टाका’ असं लिहिलेलं असतं आणि मुलं कारण न विचारता ते टाकतात. ते टाकणं म्हणजेच प्रोग्रामच्या आतून ब्रेकपॉइंट उठवणं.

कारण विचारणाऱ्यांसाठी रमेश गावकर यांचं पुस्तक होतं. अमेरिकेत सिराक्यूजच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्या गावकरांचं ८०८५वरचं पाठ्यपुस्तक भारतातल्या अभियांत्रिकीच्या दोन-तीन पिढ्यांच्या दप्तरात असायचं. त्यातल्या इंटरप्टच्या प्रकरणात ब्रेकपॉइंटची सोय घडवण्याचंच एक उदाहरण आहे. विद्यार्थ्याने आपल्या प्रोग्राममध्ये आरएसटी ५ लिहावं, तिथे काम थांबावं, ए हे बटण दाबल्यावर अ‍ॅक्युम्युलेटर आणि फ्लॅग दिसावेत, शून्य दाबल्यावर प्रोग्राम पुढे चालू लागावा. इथे डीबगर बाहेरून येत नाही. तो विद्यार्थ्यानेच लिहायचा आहे, कीबोर्ड वाचण्यापासून रजिस्टर जपून ठेवण्यापर्यंत. ब्रेकपॉइंट म्हणजे नेमकं काय हे समजावण्याची याहून सरळ वाट मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

त्याच काळातल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचा डीडीटी हा डीबगर आरएसटी ७ वापरायचा. तिचा संकेतांक एफएफ. कोऱ्या ईप्रॉममधून प्रत्येक जागी एफएफच वाचलं जातं, त्यामुळे भरकटून रिकाम्या जागेत शिरलेला प्रोग्राम आपसूक आरएसटी ७च्या तावडीत सापडतो.

१९७८ साली आलेल्या ८०८६मध्ये इंटरप्ट देणारी सर्वसाधारण सूचना दोन बाइटांची आहे: आधी सीडी, मग क्रमांक. फक्त तीन क्रमांकाला वेगळा मान मिळाला. त्याला सीसी हा एकाच बाइटचा संकेतांक आहे. कारण उघड आहे. डीबगर बाहेरून ब्रेकपॉइंट लावतो म्हणजे मूळ सूचनेचा पहिला बाइट बाजूला काढून तिथे सीसी बसवतो. ८०८६च्या काही सूचना एकाच बाइटच्या आहेत. तिथे दोन बाइट बसवले तर शेजारची सूचना तुडवली जाईल, आणि दुसरीकडून कुणी त्या शेजारणीवर उडी मारून आलं तर सगळाच घोळ. नागपूरच्या व्हीएनआयटीचे के. एम. भुरचंडी यांनी ए. के. रे यांच्यासोबत लिहिलेलं पुस्तक विदर्भात घरोघरी होतं. ते उघडून इंटरप्टची प्रकरणं पुन्हा वाचली तर परीक्षेची ती यादी वेगळी दिसू लागते.

आता मूळ प्रश्नाकडे. डॉसमध्ये टिम पॅटरसन यांनी लिहिलेला डीबग नावाचा छोटा प्रोग्राम असायचा. असेम्ब्लीत चार ओळी लिहायच्या, शेवटी इंट ३ टाकायचं, जी दाबायचं. प्रोग्राम पळायचा, इंट ३पाशी थांबायचा आणि सगळी रजिस्टर पडद्यावर यायची. तोच प्रोग्राम डीबगच्या बाहेर थेट चालवला तर? डॉसने तीन क्रमांकाच्या इंटरप्टसमोर नुसती परतीची सूचना ठेवलेली होती. प्रोग्राम जायचा, परत यायचा आणि काहीच न घडल्यासारखा पुढे निघायचा. एसटीच्या फाट्यावर ‘विनंती थांबा’ अशी पाटी असते ना, तसं. कुणी हात केला तर गाडी थांबते, नाहीतर ड्रायव्हर ब्रेकवर पायही ठेवत नाही.

विंडोज आणि लिनक्सने ही रीत मोडली. विंडोजवर सीसी चालली आणि डीबगर नसला की ८००००००३ क्रमांकाचा अपवाद उठतो आणि कुणी पकडला नाही तर प्रोग्राम मरतो. तत्पूर्वी नोंदणीत, म्हणजे रजिस्ट्रीत, एखादा डीबगर ‘गरजेला बोलवा’ म्हणून लिहून ठेवला असेल तर विंडोज त्याला हाक मारते, ही एक चांगली सोय. लिनक्सवर प्रोग्रामला सिगट्रॅप हा सिग्नल मिळतो, आणि त्या सिग्नलचा ठरलेला परिणाम म्हणजे कोअर डंप टाकून मृत्यू. यात एक बारकावा आहे. रेझ हे फंक्शन वापरून स्वतःला सिगट्रॅप पाठवला असेल तर प्रोग्राम तो दुर्लक्षित करू शकतो. पण प्रोसेसरच्या सूचनेतून आलेला सिगट्रॅप दुर्लक्षित ठेवला असला तरी कर्नल तो लादतोच. बाहेरून सारखे वाटणारे हे दोन थांबे संकटात मात्र अगदी वेगळे वागतात.

हा फरक कम्पायलरमध्येही झिरपतो. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरमधलं डीबगब्रेक आणि क्लँगमधलं डीबगट्रॅप यांच्यानंतर काम पुढे चालू ठेवता येतं. जीसीसीचं बिल्टिन ट्रॅप हे मात्र परत न येणारं समजलं जातं. त्याच्या पुढचा कोड कधी चालणारच नाही असं धरून कम्पायलर तो उडवूनही टाकतो. थांबून पाहायचं आणि पुढे जायचं असेल तर ते चुकीचं हत्यार आहे, पण नेटवरून उत्तर उचलणारे दोन्ही एकच समजतात. प्रोसेसर बदलला की आणखी एक काटा: इंटेलवर सीसी चालल्यानंतर निर्देशक पुढच्या सूचनेवर असतो, तर ६४ बिटी एआरएमवर तो ब्रेकच्या सूचनेवरच उभा राहतो. डीबगरने त्याला पुढे ढकललं नाही तर ‘चालू ठेव’ म्हणत बसा, प्रोग्राम तिथेच.

या सगळ्यात सर्वांत अवघड प्रकरण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, आणि तिथे एक पुणेरी धागा आहे. कर्नल थांबला तर डीबगर चालणार कशावर? उत्तर म्हणजे दोन संगणक आणि मध्ये सिरिअल केबल. एकावर तपासायचा लिनक्स कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी हा डीबगर. ही व्यवस्था म्हणजे केजीडीबी. २०००च्या पहिल्या काही वर्षांत तिची मोट बांधून ठेवली ती अमित काळे यांनी आणि पुढे पुण्याच्या लिनसिससॉफ्ट या कंपनीने. आजही कर्नलच्या डीबग विभागातली मुख्य फाइल उघडली तर वरच्या हक्कनोंदींत व्हेरिटास, अमित काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावं दिसतात.

केजीडीबीत आतून थांबणं ही आणीबाणीची युक्ती नाही, तीच सुरुवात आहे. तसा पर्याय दिला असेल तर कर्नल बूट होताना स्वतःहून ब्रेकपॉइंटचं फंक्शन बोलावतो आणि समोरच्या जीडीबीशी जोड होईपर्यंत वाट पाहत बसतो. इंटेलच्या प्रोसेसरवर त्या फंक्शनच्या पोटात एकच सूचना आहे: इंट ३. पुढे एखाद्या ड्रायव्हरमध्ये शंका आली की तेच फंक्शन तिथे लिहायचं. एक प्रोसेसर त्या ओळीवर आला की केजीडीबी बाकीच्या सगळ्या प्रोसेसरांनाही गोळा करून थोपवतो, नाहीतर एक थांबलेला आणि सात धावणारे अशा अवस्थेत स्मृतीतलं काहीच भरवशाचं राहत नाही. पुन्हा चालू करताना तो वॉचडॉगचीही समजूत घालतो, कारण इतका वेळ सगळं गप्प होतं म्हणजे यंत्र लटकलं, असं वॉचडॉगला वाटू नये.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा या प्रकाराला उघड विरोध होता. आपल्याला डीबगर आवडत नाहीत, कर्नलवर काम करणाऱ्याने कोड वाचून विचार करावा, असं त्यांनी २००० साली ठणकावून लिहिलं होतं. म्हणून केजीडीबी बरीच वर्षं बाहेरचं ठिगळ म्हणून राहिला आणि जेसन वेसेल यांच्या प्रयत्नांनंतर २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. जिथे कोड तुमच्या हातात आहे तिथे वाचणं श्रेष्ठच. पण नवं हार्डवेअर, त्याची चुकीची माहितीपत्रिका आणि कुणीतरी भलत्याच वेळी पाठवलेला इंटरप्ट, हे कोड वाचून दिसत नाही.

वरच्या पातळीवरच्या भाषांकडे आलं की वातावरण सैल होतं. बेसिकमध्ये स्टॉप लिहिलं की ‘अमुक ओळीवर थांबलो’ असा निरोप यायचा, मग चलांच्या किमती छापून पाहायच्या आणि कॉन्ट म्हणून पुढे जायचं. ज्या शाळांत तेव्हा संगणक होता तिथल्या मुलांनी डीबगर हा शब्द न ऐकताच डीबगिंग केलं. हाच स्टॉप पुढे व्हिज्युअल बेसिकमध्ये आला, पण एक खोड घेऊन: विकासाच्या खिडकीत तो थांबवतो, तयार केलेल्या ईएक्सईत मात्र प्रोग्राम सरळ संपवतो. ग्राहकाच्या काउंटरवर बिल करता करता खिडकी गायब होण्यामागे असा विसरलेला स्टॉप असू शकतो.

जावास्क्रिप्टने उलट टोक गाठलं. तिचं डीबगर हे विधान २००९च्या पाचव्या मानकात आलं. डीबगर जोडलेला नसेल तर या विधानाने काहीही करू नये, असं मानकच सांगतं. डॉसचीच रीत, फक्त लेखी. त्यामुळे ते विसरून राहिलं तरी सामान्य वाचकाला कळतही नाही. पण या मवाळपणाचा गैरफायदाही घेतला गेला. आपला कोड कुणी तपासू नये म्हणून काही संकेतस्थळं हे विधान अखंड फेऱ्यांत चालवत ठेवतात, म्हणजे तपासणीची खिडकी उघडणारा माणूस दर क्षणाला अडतो. थांबा बांधला स्वतःसाठी, वापरला दुसऱ्याला अडवायला.

पायथनची गोष्ट जरा निवांत पाहण्यासारखी आहे. तिथे आधी पीडीबी हा डीबगर आयात करून सेट ट्रेस बोलावण्याची जुनी सवय होती. ती टंकायला लांब, आणि डीबगर बदलला की जागोजागी ओळ बदलायची. बॅरी वॉर्सॉ यांनी पेप ५५३ या प्रस्तावात एक अंगभूत फंक्शन सुचवलं, ब्रेकपॉइंट, आणि जून २०१८च्या ३.७ आवृत्तीत ते आलं. खरी अक्कल नावात नाही, त्याच्या मागच्या रचनेत आहे. हे फंक्शन स्वतः काही ठरवत नाही, एका आकडीला, म्हणजे हुकला, विचारतं. पायथनब्रेकपॉइंट हे परिवेशचल शून्य केलं की सगळे थांबे गप्प, दुसऱ्या डीबगरचं नाव दिलं की सगळे त्याच्याकडे. थांबायचं कुठे हे कोड लिहिणारा ठरवतो आणि थांबायचं की नाही हे चालवणारा ठरवतो. आजवरच्या उत्तरांत मला हेच सर्वांत समंजस वाटतं. त्रुटी एकच: मूळचं वागणं थांबण्याचं आहे. ज्या सर्व्हरला कीबोर्डच नाही तिथे विसरलेल्या ओळीवर पीडीबी इनपुट शोधत बसतो किंवा अपवाद टाकून मरतो.

पुण्याच्या सॅपवाल्यांना विचाराल तर ते एबॅपची बाजू घेतील, आणि त्यात तथ्य आहे. ब्रेक-पॉइंट हे विधान तिथे भाषेचा भाग आहे. ब्रेकपुढे वापरकर्त्याचं नाव लिहिलं तर प्रोग्राम फक्त त्याच माणसासाठी थांबतो. शेकडो लोक एकाच यंत्रणेत एकाच वेळी काम करत असताना ही सोय अमोल आहे. पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामात हेच विधान आलं तर काम थांबत नाही, यंत्रणेच्या नोंदवहीत एक ओळ पडते. शिवाय थांब्यांचे गट करून ते बाहेरून चालू-बंद करता येतात, म्हणजे पायथनमध्ये २०१८ साली आलेला विचार तिथे आधीच रुजला होता.

पर्लमध्ये डीबी सिंगल या चलाला एक द्यायचा, डीबगर नसला तर त्याने काहीच बिघडत नाही. आर, मॅटलॅब, स्मॉलटॉक, लिस्प, रुबी, पीएचपी, गो, डॉटनेट, सगळ्यांकडे आपापला शब्द आहे. उठून दिसते ती जावा. तिच्या आभासी यंत्रात सीए हा संकेतांक ब्रेकपॉइंटसाठी राखून ठेवला आहे, पण तो फक्त डीबगरने वापरायचा, क्लास फाइलमध्ये येता कामा नये. आणि भाषेत त्यासाठी विधानच नाही. म्हणजे जावाच्या कर्त्यांनी आतून थांबण्याचा दरवाजा जाणूनबुजून बंद ठेवला. पुढे काय झालं? लोक निरुपयोगी ओळीचा इफ लिहून त्यावर लाल ठिपका टाकू लागले. गरज होतीच, तिने आडवाट शोधली.

आता पुन्हा आपल्या भागात येऊ, कारण हा प्रश्न इथे वेगळ्या तऱ्हेने टोचतो. ब्रह्मपुरी वनविभाग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरचा, तरी वाघांचा आणि माणसांशी त्यांच्या गाठी पडण्याचा. पलीकडे ताडोबालगतच्या सीतारामपेठसारख्या गावाशी कॅमेरे लावून, वाघ ओळखून गावाला सूचना देण्याचे प्रयोग झाले. त्या यंत्रणांच्या आत काय आहे हा इथला विषय नाही. पण असं कुठलंही यंत्र रानाच्या कडेला खांबावर बसवायचं म्हणजे त्यात मायक्रोकंट्रोलर आला, आणि त्याला डीबगर जोडलेला नसणार हे ठरलेलं. मे महिन्यात, पारा ४५च्या वर असताना, लॅपटॉप आणि प्रोब घेऊन तिथे कुणी उभं राहत नाही.

एआरएम कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपवर बीकेपीटी ही थांब्याची सूचना आहे. डीबगर जोडलेला असेल तर चिप शहाण्यासारखी थांबते. नसेल, आणि डीबग मॉनिटरही चालू नसेल, तर ती हार्डफॉल्ट होते. वॉचडॉग असेल तर यंत्र पुन्हा सुरू होतं, पुन्हा त्याच ओळीवर येतं, पुन्हा मरतं. वॉचडॉग नसेल तर दिवा लागलेला राहतो आणि यंत्र मेलेलं असतं. याहून फसवं म्हणजे सेमीहोस्टिंग: डीबगरच्या पडद्यावर प्रिंट करण्यासाठी लायब्ररी गुपचूप बीकेपीटी एबी वापरते. विद्यार्थी म्हणतो, सर, टेबलावर चालतं, बॅटरीवर चालत नाही. टेबलावर डीबगर होता, एवढाच फरक.

आर्डुइनो उनोवरची एव्हीआर चिप इथे जास्त मायाळू आहे. तिच्या ब्रेक सूचनेला, डीबगिंगचा फ्यूज चालू केलेला नसेल तर, चिप काही न करण्याची सूचना समजते आणि पुढे जाते. दोन चिपा, आणि एकाच चुकीची दोन टोकाची फळं. माझं मत विचाराल तर रानात बसणाऱ्या यंत्रासाठी एव्हीआरची रीत बरी, आणि प्रयोगशाळेतल्या टेबलासाठी एआरएमची. गप्प राहणारा थांबा चूक लपवतोही, हे विसरून चालत नाही. ‘हे कधी होणारच नाही’ अशा जागी टाकलेला ब्रेकपॉइंट गप्प राहिला तर ते झालेलं कुणालाच कळत नाही.

मग डीबगर आहे का हे आधी विचारावं आणि असेल तरच थांबावं, असं कुणालाही सुचेल. विंडोजवर त्यासाठी फंक्शन आहे. लिनक्सवर प्रोग्राम आपल्याच स्थितीची फाइल वाचून ट्रेसरपिड शून्य नाही ना, ते पाहतो. पण उत्तर खरं असेलच असं नाही. सिस्टिम कॉल नोंदवणारा एसट्रेस लावलेला असला तरी ट्रेसरपिड शून्य नसतो, आणि एसट्रेस काही डीबगर नव्हे. तो सिगट्रॅप प्रोग्रामकडे सरकवतो आणि प्रोग्राम मरतो. शिवाय डीबगर पाहून वागणं बदलणाऱ्या कोडमध्ये एक दोष राहतोच: तपासताना तो जसा असतो तसा एरवी नसतो. वेळेचंही तेच आहे. थांबलं की नेटवर्कची मुदत टळते, डेटाबेसची जोड सुटते, दुसरे धागे पुढे निघून जातात, आणि ज्याला पकडायला थांबलो ती चूक पळून गेलेली असते. अशा चुकांना थांबा कामाचा नाही, तिथे नोंदवहीच लिहावी लागते.

इतकी वर्षं प्रत्येक सी प्लस प्लस प्रकल्पात या सगळ्याचा स्वतःचा मॅक्रो असायचा, एकेका प्रोसेसरसाठी एकेक फाटा असलेला. २०२६च्या मानकात अखेर डीबगिंग नावाची हेडर फाइल आली आणि तिच्यात तीन फंक्शनं: बिनशर्त थांबणारं, डीबगर असेल तरच थांबणारं, आणि डीबगर आहे का एवढंच सांगणारं. तिचा प्रस्ताव रेने रिवेरा मोरेल यांनी मांडला होता. त्यातली माझ्या मते सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे तिसरं फंक्शन बदलता येतं, प्रोग्रामला स्वतःचं लिहून बसवता येतं. खांबावरच्या कॉर्टेक्स-एम४ला ट्रेसरपिड नाही की नोंदणी नाही, पण डीएचसीएसआर नावाचं एक रजिस्टर आहे आणि डीबगर जोडला की त्याचा शून्यावा बिट एक होतो. तिथे हे फंक्शन एका ओळीचं आहे: तो बिट वाचा आणि परत द्या.